पाकीट दिलं की त्रास संपतो? एका दुकानदाराच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया तिखट आहे आणि ती पोळलेल्या माणसाची आहे, म्हणून दोन ओळींत उरकत नाही.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: गस्तीच्या गाडीतल्या हवालदाराने रात्री शटर पाडायला सांगितलं, तुम्ही त्याला मोबाइलवर दुकान रात्रभर उघडं ठेवायला मुभा असल्याचा जीआर (शासन निर्णय) दाखवला. 'आम्हाला कायदा शिकवतोस?' म्हणून त्याने तोंड सोडलं. दुसऱ्या दिवशी फुटपाथवरच्या सामानाचा खटला झाला आणि वर सीसीटीव्हीचा डीव्हीआर, म्हणजे फुटेज साठवणारं यंत्रही नेलं. शेजारचा मात्र महिन्याला पाकीट देतो आणि सुखात आहे. मग पाकीट देऊ नका म्हणत पाण्यात राहून माशाशी वैर करायला सांगणारा मी कोण?

जीआर खोटा नाही. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियमाने दुकान चोवीस तास, आठवड्याचे सातही दिवस उघडं ठेवता येतं. फक्त कामगाराला साप्ताहिक सुट्टी मिळाली पाहिजे. परमिट रूम, बिअर बार, हुक्का पार्लर वगैरेंना ही मुभा नाही. तरीही पोलिस आणि स्थानिक प्रशासन आडकाठी करतात अशा तक्रारी आल्या, म्हणून १ ऑक्टोबर २०२५ ला सरकारला हेच पुन्हा कागदावर स्पष्ट करावं लागलं. म्हणजे हा त्रास तुमच्या डोक्यातला नाही, सरकारदरबारी पोचलेला आहे.

पण हा कागद त्या हवालदाराला दाखवून उपयोग काय? त्याला ठाण्यातून तोंडी सांगितलेलं असतं, 'बीटमधली (गस्तीच्या हद्दीतली) दुकानं बंद झाली पाहिजेत.' कायद्याचा अर्थ लावणं त्याच्या हातात नाही आणि चारचौघांत गिऱ्हाइकांसमोर माघार घेणं त्याला परवडत नाही. तिथे आवाज चढला की तुमच्यावरच सरकारी कामात अडथळ्याचं बालंट यायचं. झटापट झाली असं दाखवलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम १३२ अजामीनपात्र आहे. म्हणून काउंटरवर एवढंच म्हणायचं: 'साहेब, बंद करतो. आदेश कुणाचा आहे तेवढं सांगा.' शटर पाडायचं. मग वहीत तारीख, वेळ, गाडीचा नंबर, छातीवरच्या पट्टीवरचं नाव आणि दिसला तर बक्कल नंबर (पोलिसाचा ओळख क्रमांक) लिहायचा. त्या रात्रीचा धंदा बुडतो, ते खरं आहे. भांडण मात्र दिवसा आणि त्याच्या वरच्या माणसाशी करायचं.

ते कसं? वरिष्ठ पोलिस निरीक्षकांच्या नावे अर्ज, आणि त्याचा विषय 'तक्रार' नको. 'दुकान रात्री सुरू ठेवण्याबाबत लेखी मार्गदर्शन मिळणेबाबत' असा विषय टाका. सोबत जीआरची आणि तुमच्या गुमास्ता परवान्याची (दुकानाच्या नोंदणीची) प्रत जोडा. कामगार कमी म्हणून नोंदणीऐवजी नुसती ऑनलाइन सूचना दिली असेल तर तिची पावती. खाली 'प्रत माहितीस्तव : पोलिस उपायुक्त', ग्रामीण भागात पोलिस अधीक्षक. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. घेत नसतील तर स्पीड पोस्टने पाठवा. पाठोपाठ माहितीच्या अधिकारात विचारा की दुकानं बंद करण्याचा आदेश कोणत्या तारखेचा, कोणाच्या सहीचा. उत्तराला तीस दिवसांची मुदत आहे. जमावबंदीसारखा खरा आदेश असेल तर तो लेखी असतो, आणि तो पाळावाच लागतो. नसेल, तर 'असा आदेश अभिलेखावर नाही' अशी ओळ कोण आनंदाने लिहून देईल? बऱ्याचदा तोंडी हुकूम इथेच थंडावतात. दहा-बारा दुकानदारांच्या सह्या एकाच अर्जावर असतील तर आणखी उत्तम, एकट्याचं नाव डोळ्यावर येत नाही.

फुटपाथच्या खटल्याबद्दल मात्र मी तुमच्या बाजूने बोलणार नाही. सूडाने भरला असेल, पण सामान बाहेर होतं, असं तुम्हीच लिहिलंय. रस्त्यात अडथळा हा गुन्हा आहेच. वैर घ्यायचं असो वा नसो, आधी स्टँड आत ओढा.

आता पाकीट. २०१८ च्या दुरुस्तीनंतर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात लाच देणाराही गुन्हेगार आहे. जबरदस्तीने द्यावी लागली तर सात दिवसांत कळवलं, तरच सुटका. म्हणजे तुमचा शेजारी आठव्या दिवशी तक्रारदार राहत नाही, आरोपी होऊ शकतो, आणि पाकीट घेणाऱ्यालाही हे ठाऊक असतं. शिवाय बदली झाली की नवा माणूस नवा आकडा सांगतो. पैसे मागितले की देण्याआधी १०६४ वर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला फोन करा. सापळा मागणीनंतर लावता येतो, पैसे देऊन झाल्यावर त्यांच्याही हातात फारसं राहत नाही.

राज्य पोलिस तक्रार प्राधिकरण आहे, खंडणी आणि अधिकाराचा गैरवापर त्याच्या कक्षेत येतो. पण तिथून महिन्याभरात काही होईल अशी आशा मी तुम्हाला लावणार नाही.

राहिला डीव्हीआर, आणि माझ्या मते तुमच्या प्रकरणात तोच सगळ्यात महत्त्वाचा. नेताना जप्तीचा पंचनामा केला का, यादीवर तुमची सही घेतली का, प्रत दिली का? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं चित्रीकरण व्हायला हवं. नुसतं फुटेज हवं होतं तर कलम ९४ खाली लेखी मागून कॉपी घेता आली असती. कागद दिलाच नसेल तर आजच अर्ज करा: 'अमुक तारखेला, अमुक वेळी, अमुक कंपनीचा डीव्हीआर नेला, त्याची पोच मिळावी.' कागद दिला असेल, पण वस्तू परत मिळत नसेल, तर कलम ५०३ खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. साधा वकीलही तो करून देईल. त्यासाठी खरेदीचं बिल लागेल. बिल हरवलं असेल तर ज्याने कॅमेरे बसवले त्याच्याकडून सीरियल नंबर आणि बिलाची दुसरी प्रत मागवून ठेवा.