साबणाच्या तुकड्यातून कर्जमुक्ती

सर्वप्रथम अभिनंदन! पुण्यात, म्हणजे वारज्यात, धायरीत, अगदी वाघोलीच्या पलीकडे का होईना, तुमचा टू बीएचके झाला. कर्ज 50 लाख, मुदत 20 वर्षं, व्याज साडेआठ टक्के, हप्ता 43,391 रुपये. मुदत संपेपर्यंत तुम्ही बँकेला एक कोटी चार लाखांच्या आसपास परत केलेले असतील, पण त्याचा विचार आत्ताच करू नका. विचाराने रक्तदाब वाढतो आणि गोळ्यांना पैसे पडतात.

आता हे कर्ज झालं कशामुळे? जागांचे भाव आणि पगार यांचा एकमेकांशी संबंध उरलेला नाही, असं काही नतद्रष्ट लोक म्हणतात. त्यांच्या नादी लागू नका. कर्ज तुमच्या चहामुळे झालं. कुठल्याही काकांना विचारा. शक्यतो असे काका गाठा, ज्यांनी सरकारी क्वार्टरमध्ये राहून नोकरी केली आणि कोथरूडला लोक जायला तयार नव्हते तेव्हा तिथे प्लॉट घेऊन ठेवला. ते सांगतील, "आम्ही बाहेर कधी चहा प्यायलो नाही." खरं आहे. ऑफिसात फुकट मिळायचा.

तेव्हा चहा आजपासून बंद. कटिंग 10 रुपये, दिवसाला दोन, महिन्याचे 600, वर्षाचे 7,200. या वेगाने 50 लाख फिटायला 694 वर्षं लागतात. म्हणजे मुहंमद तुघलकाने 1327 साली दिल्लीची राजधानी दौलताबादला हलवली, त्याच मुहूर्तावर तुमच्या पूर्वजाने चहा सोडला असता तर एव्हाना घर मोकळं झालं असतं. तेव्हा इकडे चहाच नव्हता, ही अडचण मान्य. पण खरा काटकसरी माणूस नसलेली गोष्टसुद्धा सोडतो. शिवाय या हिशोबात व्याज धरलेलं नाही. ते धरून, हेच 600 रुपये दर महिन्याला हप्त्यासोबत जादा भरले, तर 240 ऐवजी 232 हप्त्यांत सुटका होते. जवळजवळ वीस वर्षं चहावाचून काढा, आठ महिने वाचतील.

आठ महिने थोडे वाटले ना? म्हणून चहावर थांबायचं नाही. साबणाचा झिजलेला तुकडा नव्या वडीला चिकटवायचा. टूथपेस्टची ट्यूब लाटण्याने लाटायची, मग कात्रीने उभी चिरायची. दुधाच्या पिशवीत पाणी घालून खळबळून ते पातेल्यात ओतायचं. हे आपल्या घरांत पिढ्यान् पिढ्या चालत आलंय, आणि त्यातून कोणाचा फ्लॅट फिटला हे कोणी विचारलेलं नाही. बनियनचं फडकं, फडक्याचं पायपुसणं. एकाने नुसती खोली सोडायचा विचार केला, की दुसऱ्याने पंखा बंद करायचा. भाजी मंडईतून, तीही रात्री साडेआठनंतर. भाजीवाल्या मावशी वर कोथिंबिरीच्या चार काड्या टाकत नाहीत तोवर तिथून हलायचं नाही.

ही चिकाटी नोंदणीच्या दिवशी मात्र घरी ठेवायची असते. पुण्यात मुद्रांक शुल्क 7 टक्के, बांधकाम चालू असलेलं घर असेल तर जीएसटी 5 टक्के, वर नोंदणी फी 30,000. 65 लाखांच्या फ्लॅटला हे झाले 8 लाख 10 हजार. इथे वर कोथिंबीर मागू नये.

आता यात एक सूट असते. महाराष्ट्रात घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का माफ. 65 लाखांवर 65 हजार, म्हणजे एका सहीत नऊ वर्षांचा चहा सुटतो. पण घर बायकोच्या एकटीच्या नावावर? इतकी टोकाची काटकसर आपल्यात करत नाहीत. बायकोने काटकसर करायची ती ओट्याशी. पोळ्यांना येणाऱ्या मावशी बंद करा, त्यांचे पैसे वाचतील. पोळ्या होतच राहतील. त्या कोण करतं हे पासबुकात कुठेच लिहिलेलं नसतं, त्यामुळे त्या फुकट झाल्या असं समजायला हरकत नाही. ती ऑफिसातून साडेसातला येते, म्हणजे मंडईची वेळही नेमकी जुळते.

इतकं करून पहिला हप्ता भरलात की स्टेटमेंट उघडू नका. उघडलंतच तर दिसेल की 43,391 पैकी 35,417 रुपये व्याजात गेले आणि मुद्दल 7,974 ने हललं. खचायचं नाही. ज्यांनी जानेवारी 2022 मध्ये पावणेसात टक्क्यांनी हेच कर्ज घेतलं, त्यांची आठवण काढा. त्यांचा हप्ता 38,018 रुपये होता. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने उसने पैसे देते तो, 4 वरून साडेसहा टक्क्यांवर नेला. कर्जाचा दरही तितकाच चढला असं धरून आणि हप्ता तोच ठेवून गणित मांडलं, तर त्या हप्त्यातून मुद्दलाकडे जेमतेम शे-दीडशे रुपये पोचत होते. बाकी सगळं व्याज. त्या घरांतही टूथपेस्टच्या ट्यूबा चिरल्या जात असणार. पण हा दर ठरवणाऱ्या पतधोरण समितीच्या सहा सदस्यांपैकी एकानेही बैठकीत ट्यूबचा उल्लेख केल्याचं ऐकिवात नाही.

एक आगाऊ उपाय लोक सांगतात, तोही नोंदवून ठेवतो. वर्षाला एक हप्ता जादा भरला, तर वीस वर्षांचं कर्ज साधारण साडेसोळा वर्षांत फिटतं, आणि बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतीआधी पैसे भरल्याबद्दल बँकेला दंड लावता येत नाही. उपाय चांगला आहे, पण त्याला वर्षाकाठी 43 हजार जादा लागतात आणि ते साबणातून निघत नाहीत. ते पगारवाढीतून निघतात. पण पगारवाढ मागायला साहेबांच्या केबिनमध्ये जावं लागतं. त्यापेक्षा चहावाल्याकडे न जाणं सोपं.

अशी सात-आठ वर्षं नेटाने काढलीत, एकही हप्ता चुकवला नाहीत, की तुमच्या तपश्चर्येची दखल घेतली जाते. बँकेतून फोन येतो, "सर, तुमचं रेकॉर्ड फार सुंदर आहे, टॉप-अप लोन, म्हणजे याच कर्जावर आणखी कर्ज, मंजूर होतंय." लगेच हो म्हणू नका. आधी प्रोसेसिंग फी माफ करून घ्या. आणि सहीला जायचं ते ऐन मे महिन्यात, दुपारी दोनला, मुलांना घेऊन जा. तिथे एसी असतो. तेवढा वेळ घरचा पंखा बंद राहील.