निळी गोळी बंद करायला सांगणाऱ्या मेसेजबद्दल

‘मुलींमध्ये रक्त कमी आहे हा सरकारी बनाव’ असं सांगणारा एक लांबलचक मेसेज सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. त्यात चार दावे आहेत. सरकारी आरोग्य पाहणीवाले कुणाच्याच घरी आले नाहीत. बोटातल्या रक्ताच्या थेंबावरून काढलेले आकडे खोटे. खेळणाऱ्या-नाचणाऱ्या मुलींना कसला रक्तक्षय? आणि शाळेत मिळणाऱ्या लोहाच्या निळ्या गोळीने पुढे मूल होत नाही. हा मेसेज आमच्या ताईकडे आला आणि तिने नववीतल्या लेकीची गोळी बंद करून टाकली. म्हणून हे लिहायला बसले.

सुरुवात गोळीपासूनच करते, कारण खरं नुकसान तिथे होतंय. निळ्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असतं. १० ते १९ वयाच्या मुलामुलींना ती आठवड्यातून एकदा देतात. हेच दोन घटक, याच मात्रेत, गरोदर बाईला रोज देतात, किमान १८० दिवस. तिची गोळी लाल असते, एवढाच फरक. फॉलिक अ‍ॅसिड तर डॉक्टर दिवस राहण्याच्या आधीपासून घ्यायला सांगतात, बाळाच्या मज्जारज्जूत दोष राहू नये म्हणून. गरोदरपणात रोज चालणारी गोळी आठवड्यातून एकदा घेतल्याने वंध्यत्व कसं येईल? पुढे पाठवण्याआधी कुणी आपल्या भागातल्या आशाताईंना विचारलं असतं तरी हे कळलं असतं. शौचाला काळं होतं, रिकाम्या पोटी घेतली तर मळमळतं, हे खरंय. म्हणूनच ती जेवल्यावर घ्यायची आणि वर लगेच चहा प्यायचा नाही. थॅलेसेमिया (रक्ताचा आनुवंशिक आजार) असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय लोह द्यायचं नाही.

आता बोटाचा थेंब. इथे मेसेजमध्ये थोडं तथ्य आहे, ते मान्य करावं लागतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते १९ वयाच्या ५९.१ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. तपासणी बोट टोचून केली होती. बोट जोरात दाबलं की रक्तात पेशींभोवतीचं पाणी मिसळतं आणि हिमोग्लोबिन कमी दिसू शकतं. हिमोग्लोबिन १२ ग्रॅमपेक्षा कमी म्हणजे रक्तक्षय, ही मुलींसाठीची मर्यादा भारतात योग्य आहे का, यावरही तज्ज्ञांमध्ये वाद आहे. पण त्याच पद्धतीने तपासलेल्या त्याच वयाच्या मुलग्यांचं प्रमाण ३१.१ टक्के निघालं, आणि त्यांची मर्यादा १३ ग्रॅमची, म्हणजे जास्त कडक. सगळा दोष यंत्राचाच असता तर मुलींचा आकडा जवळजवळ दुप्पट का आला असता?

बरं, बोटावर विश्वास नको. २०१६-१८ च्या समग्र राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात शिरेतून रक्त घेऊन प्रयोगशाळेत तपासलं होतं. तिथे १० ते १९ वयाच्या ४० टक्के मुलींमध्ये रक्तक्षय निघाला, मुलग्यांमध्ये १८ टक्के. ५९ पेक्षा ४० कमीच, पण तो शून्य नाही. त्याच सर्वेक्षणात फेरिटिनही मोजलं, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. ३१ टक्के मुलींमध्ये तो कमी होता, मुलग्यांमध्ये १२ टक्के. हिमोग्लोबिनची मर्यादा कितीही खाली आणली तरी हा आकडा हलत नाही. मेसेज लिहिणाऱ्याने याचा उल्लेखही केलेला नाही.

‘आमच्या घरी कुणी आलंच नाही’ याला उत्तर सोपं आहे. कुटुंब आरोग्य पाहणीची ती पाचवी फेरी ६ लाख ३६ हजारांवर घरांत झाली, देशात घरं कोट्यवधी. गावं, शहरांतले छोटे भाग आणि त्यांतली घरं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडली जातात. तुमचं घर त्यात नव्हतं, एवढंच.

आणि खेळणाऱ्या मुली. सौम्य रक्तक्षय चेहऱ्यावर दिसत नाही, म्हणून तर रक्त तपासावं लागतं. दम लागला की आपल्याकडे ‘पाळी चालू आहे, थकणारच’ म्हणून विषय संपवतात. मुलगीही तेच धरून चालते आणि तक्रार करत नाही.

ताईला मी एवढंच सांगितलं: आकड्यांवर शंका असेल तर पोरीचं रक्त शिरेतून काढून तपासून घे, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन दोन्ही. तोवर आठवड्याची गोळी चुकवू देऊ नकोस.