भट्टीतला कूलर

जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी करणाऱ्या माणसाने एप्रिल महिन्यात चर्चला गेल्यावर खांबाआड बसावं. उपासना संपत आली की सूचना सुरू होतात, आणि एप्रिलच्या सूचनांमध्ये ‘सुट्टी’ हा शब्द आला की सत्तरेक माना एकदम माझ्याकडे वळतात.

यंदा मी खांबाआडच बसलो होतो. पण आमच्या चर्चमध्ये खांब दोनच. दुसऱ्याआड खजिनदार आबा बसतात. लोकांपासून लपायची त्यांचीही काही कारणं आहेत. पाळकसाहेबांनी जाहीर केलं, “मे महिन्यात दहा दिवस मुलांसाठी व्हीबीएस घ्यायचं ठरलं आहे. जबाबदारी कोण घेईल?” मी डोळे मिटून प्रार्थनेत असल्यासारखं केलं. तेवढ्यात महिला मंडळाच्या जिजी मागे वळून म्हणाल्या, “मास्तर, तुमले ते सुट्टीच शे ना!”

झालं. वर्षभर दुसऱ्यांची पोरं सांभाळून थकलेल्या माणसाला शासन मे महिन्यात सुट्टी देतं, ती याच कामासाठी अशी आमच्या मंडळीची श्रद्धा आहे.

व्हीबीएस म्हणजे सुट्टीतली बायबल शाळा. 1898 साली न्यूयॉर्कमध्ये हॉज नावाच्या एका बाईंनी उन्हाळ्यात रस्त्यावर हुंदडणाऱ्या पोरांसाठी असे वर्ग काढले. जागा मिळेना, म्हणून त्यांनी चक्क बीअर विकायची एक जागा भाड्याने घेतली. मला त्या बाईंचा हेवा वाटतो. बीअर जिथे ठेवतात ती जागा निदान थंड असेल. आमच्याकडे पत्र्याचा हॉल आहे.

आमचं गाव गिरणेच्या काठी. म्हणजे पावसाळ्यात नदीच्या काठी, मे महिन्यात नुसत्या वाळूच्या काठी. चर्च परदेशी मिशनऱ्यांच्या काळातलं. जाड दगडी भिंती, उंच छप्पर, दुपारी आत गेलं की विहिरीत उतरल्यासारखं वाटतं. म्हातारी माणसं त्याला अजून ‘देऊळ’च म्हणतात. त्या काळी बहुतेक मिशनरी उन्हाळ्यात थंड हवेच्या ठिकाणी जात. त्यांना खानदेशचा मे महिना ठाऊक नव्हता असं कुणी म्हणू नये. ठाऊक होता म्हणूनच ते जात. त्यांनी बांधलेल्या इमारतीत गारवा राहिला, आणि पुढे आपल्या लोकांनी वर्गणी काढून शेजारी हॉल बांधला, तो पत्र्याचा. दुपारी एक वाजता त्या पत्र्यावर बिबडा, म्हणजे आमच्याकडचा ज्वारीचा पापड, टाकला तर वाळणार नाही, थेट भाजून निघेल.

पाळकसाहेब नगरकडचे, इथे त्यांचा पहिलाच उन्हाळा. एप्रिलच्या सुरुवातीला त्यांनी उपासनेची वेळ सकाळी दहाची ठेवली होती. पारा त्रेचाळीसवर गेल्यावर नऊ केली. चव्वेचाळीसला आठ. पंचेचाळीसला सात. चर्चच्या वडीलजनांच्या बैठकीत एकाने, म्हणजे खरं तर मीच, सुचवलं की असंच चाललं तर शनिवारी रात्रीच उरकून घेऊ. पाळकसाहेब हसले नाहीत. मग त्यांना नळाचं गणित कळलं. आमच्याकडे उन्हाळ्यात नळ आठव्या दिवशी येतो, तोही पहाटे की दुपारी ते नळालाच माहीत. नळाचा दिवस रविवारी आला की चर्चमध्ये पुरुष, म्हातारे आणि तान्ही बाळं तेवढी येतात. हल्ली पाळकसाहेब प्रभूभोजनाची तारीख ठरवण्याआधी पाणी सोडणाऱ्या माणसाला फोन करतात.

कूलरबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. लोखंडी आहे, कपाटाएवढा आहे, आणि कुणाच्या तरी स्मरणार्थ दिलेला आहे. त्या स्मरणार्थाची अक्षरं वेदीवरच्या वचनापेक्षा मोठी आहेत. वाळ्याच्या ताट्या दरवर्षी बदलायच्या असतात. आमच्याकडे त्या दरवर्षी ‘बदलायच्या’ असं ठरतं. पूर्वी पुढच्या बाकांवर कुणी बसत नसे, पाळकसाहेबांची नजर चुकवायची म्हणून. कूलर आल्यापासून पुढच्या तीन बाकांवर पहाटे साडेसहालाच रुमाल, पर्स आणि बायबल टाकून जागा धरल्या जातात, एसटीत धरतात तशा. आवाज म्हणाल तर उतारूगाडीचा. समोर बसलेल्यांना उपदेश ऐकू येत नाही आणि लांब बसलेल्यांना ऐकू येतो, पण घामापुढे त्यांचं लक्ष लागत नाही. एका रविवारी पाळकसाहेबांनी प्रकटीकरणातल्या लावदिकीयाच्या मंडळीवर उपदेश घेतला. ती मंडळी ना थंड ना उष्ण, नुसती कोमट. साहेब रंगात आले होते. त्यांनी दोन्ही हात पसरून विचारलं, “तुम्हाला काय व्हायचं आहे? थंड, की उष्ण?”

मागच्या बाकावरून जिजी कळवळून म्हणाल्या, “थंड, साहेब, थंड!”

असो. व्हीबीएस सुरू झालं. पहिल्या दिवशी एकोणीस मुलं. वेळ सकाळी साडेसात ते साडेदहा. कृतिगीतं, गोष्ट, सुवर्णवचन पाठ करणं, हस्तकला, सरबत. यातलं सरबत सोडून कशातही कुणाला रस नव्हता, पण मी शिक्षक आहे, मला त्याची सवय आहे. कृतिगीतांत हात वर, हात खाली, उडी मार, गोल फिर असे प्रकार असतात. मुलांनी करायचे आणि शिक्षकाने आधी करून दाखवायचे. मी सत्तेचाळीस वर्षांचा आहे. ‘सूर्य वर आला’ म्हणत मी उडी मारत होतो, तेव्हा सूर्य खरोखरच वर येत होता आणि पत्रा तडतडत होता.

तिसऱ्या दिवशी मुलांची संख्या एकदम त्रेचाळीसवर गेली. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. मग कारण कळलं. महिला मंडळाने त्याच दिवशी चर्चच्या आवारात बिबडे करायला घेतले होते. बिबडे विकून हॉलला सिलिंग करायचं, असा त्यांचा तीन वर्षांपासूनचा बेत आहे. ज्वारीच्या पिठाचा लसूण, मिरची, तीळ घातलेला घाटा मोठ्या पातेल्यात रटरटत होता, आणि त्याचा वास गल्लीच्या टोकापर्यंत गेला होता. बिबडे वाळल्यावर चांगले लागतात हे खरं, पण खानदेशातल्या पोराचा खरा जीव असतो तो गरम घाट्यावर. वाटीभर घाटा, वरून तेल. हॉलमध्ये मी नोहाचं तारू सांगत होतो आणि खिडकीतून एकेक पोरगं खाली उतरत होतं. गोष्टीत प्राणी जोडीजोडीने तारवात शिरत होते, इथे जोडीजोडीने बाहेर पडत होते.

नवीन आलेल्यांत निम्मी गल्लीतली होती, कुठल्याच चर्चची नसलेली. त्यांच्या आया आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या, त्या बिबडे थापायला बसल्या होत्या. मुलांना इकडे सोडून दिलं होतं. आमच्याही लेकी त्याच हिशोबाने मे महिन्यात माहेरी येतात, त्यामुळे चर्च कधी नव्हे ते भरतं आणि गायनात आवाज चढतो. गल्लीतल्या एका आजोबांची नात तर अशी हुशार निघाली, की नवव्या दिवशी सगळीच्या सगळी सुवर्णवचनं तिला तोंडपाठ. आमच्या वडीलजनांच्या नातवंडांना तीनच्या पुढे येत नव्हती. पहिलं बक्षीस तिलाच द्यावं लागलं. आजोबा कपाळाला टिळा लावून बक्षीस घ्यायला स्वतः आले आणि पहिल्या बाकावर, बरोबर कूलरसमोर बसले. तिथून त्यांना उठवायची कुणाची छाती झाली नाही.

मधेच सातव्या दिवशी एक लग्न निघालं. हॉल गेला, आम्ही कडुनिंबाखाली. नवरदेवाला कोट, आतून जाकीट, टाय, हातमोजे. शपथेच्या वेळी पाळकसाहेबांनी विचारलं, ही तुला पत्नी म्हणून मान्य आहे का? त्याने आधी पाणी मागितलं.

आता दहाव्या दिवसाकडे येतो. पालकांसाठी संध्याकाळी कार्यक्रम असतो आणि त्यात नाटक हवंच. मी दानिएलच्या पुस्तकातली गोष्ट निवडली. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर सोन्याचा पुतळा उभारतो. शद्रख, मेशख आणि अबेद्नगो त्याच्या पाया पडायला नकार देतात. राजा भट्टी नेहमीपेक्षा सातपट तापवायला सांगतो आणि तिघांना आत टाकतो. बायबलमध्ये स्पष्ट लिहिलं आहे की त्यांना अंगावरच्या कपड्यांनिशी, पागोट्यांसकट टाकलं. सातव्या दिवसाच्या नवरदेवाला बघून मला ही गोष्ट सुचली असावी.

राजाचं नाव कुणाला उच्चारता येईना. कितीही तालीम केली तरी सहावीतला राजा “मी नबुखद, मी नबुखद” एवढ्यावर अडकायचा. शेवटी मी त्याला “मी राजा!” एवढंच म्हणायला सांगितलं. मुलांनी त्याचं नाव नबूशेठ ठेवलं.

भट्टीची कल्पना माझी, हे कबूल करतो. केळीच्या खोक्यांची भिंत उभी केली. आत जाळ दिसायला हवा, म्हणून लाल-पिवळ्या जिलेटीन कागदाच्या पट्ट्या कापल्या. पट्ट्या लवलवायला वारा हवा. वाऱ्यासाठी कूलर भट्टीच्या मागे लावला. नुसता पंखा चालवायचा, पाण्याची मोटर बंद ठेवायची, असं मी तीनदा बजावलं होतं. पण अबेद्नगो हा जिजींचा नातू. संध्याकाळचे सहा वाजले होते, पत्रा अजून तापलेलाच होता, हॉलमध्ये दीडशे माणसं. जिजींनी पडद्याआडून हळूच मोटरचं बटन दाबलं. “लेकरू उकडी जाई,” असं त्या नंतर म्हणाल्या.

त्यामुळे कार्यक्रमाच्या वेळी त्या अख्ख्या हॉलमध्ये, किंबहुना त्या अख्ख्या तालुक्यात, गारव्याची एकच जागा होती. ती म्हणजे राजाची भट्टी.

शद्रखाला शिपायांनी ओढत न्यायचं होतं. तो शिपायांच्या पुढे पळत गेला. मेशख मागोमाग. अबेद्नगोने तर पुतळ्याला नकार द्यायच्या आधीच उडी घेतली. गोष्टीप्रमाणे त्यांना टाकणारे शिपाई आचेने भट्टीच्या तोंडाशी मरून पडतात. आमचे दोन्ही शिपाई मरून पडले, इथपर्यंत ठीक होतं. मग मी पाहिलं तर मेलेले शिपाई हळूहळू लोळत भट्टीकडे सरकत होते. गोष्टीत आगीत त्या तिघांसोबत चौथी व्यक्ती दिसते. आमच्याकडे ती म्हणजे देवदूत, पांढऱ्या फ्रॉकमधली चौथीतली मुलगी. ती तिच्या वेळेच्या आधीच आत होती.

राजाचं पुढचं वाक्य होतं, “मी तर तिघांना टाकलं, मग मला चौघं कसे दिसतात?” राजा प्रामाणिक मुलगा. तो भट्टीत डोकावला आणि बोटं मोजू लागला, “मी तर तिघांना टाकलं. मला एक, दोन, तीन, चार, पाच... सर, सहा शेत!”

हॉल हसून लोटपोट. मी पडद्यामागून ओरडलो, “बोलव त्यांना बाहेर!” राजा गरजला, “बाहेर या!”

आतून अबेद्नगोचा आवाज आला, “मी नही येवाव. आठे गार लागस!”

राजाने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा आपल्या आईच्या भरजरी शालूच्या झग्याकडे पाहिलं, कपाळाचा घाम पुसला, मुकुट सिंहासनावर काढून ठेवला आणि भट्टीत शिरला.

यावर उपाय माझ्याजवळ नव्हता. उपाय वीजवाल्यांनी केला. लाईट गेली. कूलर घरघरत थांबला आणि मिनिटभरात सातही जण आपण होऊन बाहेर आले, केस ओले, कपड्यांना वाळ्याचा वास. बायबलमधल्या त्या तिघांच्या कपड्यांना जाळाचा वाससुद्धा लागला नव्हता म्हणतात. तेवढं तरी माझं नाटक मूळ गोष्टीला धरून झालं.

यानंतर तरुण संघाची गाणी होती. त्यांचा कीबोर्ड विजेवरचा, माईक विजेवरचा. विजेबरोबर तेही गप्प. अंधारात कुणीतरी पेटी ओढली. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं आमच्या म्हाताऱ्यांना पुस्तकावाचून येतात. दोन ओळी झाल्या आणि सगळा हॉल गाऊ लागला. कोरड्या हवेने तबला इतका चढला होता की वाजवणारे तात्या मोबाइलच्या उजेडात ठोकून ठोकून दमले. शेवटी आवाजच तबल्यापर्यंत चढवले. मग सगळे कडुनिंबाखाली आले, प्रीतिभोजनाच्या पंगती बसल्या, दाळबट्टीवर तूप पडलं, आणि टिळावाले आजोबा मला म्हणाले, “सर, भट्टी मस्त व्हती.”

गेल्या रविवारी वार्षिक हिशोब वाचून दाखवला. खजिनदार आबा खांबाआडून पुढे आले, चष्मा लावला आणि मे महिन्याचा खर्च वाचू लागले. सरबत, जिलेटीन कागद, बक्षिसं. मग थोडं थांबून: “अग्नीची भट्टी तापवण्यासाठी, पाण्याचा टँकर, एक.”

कुणी हरकत घेतली नाही. हिशोब एकमताने मंजूर झाला.