झेंडा खाली करू नका, जिभाऊ

जळगावात पाहुण्याला काय खाऊ घालायचं, हा प्रश्न कुणालाच पडत नाही. थंडीत भरीत, एरवी शेवभाजी आणि जावईबापू असतील तर खापरावरचे मांडे, हे ठरलेलं आहे. भांडण होतं ते 'कुठलं' यावरून. आणि ते जिन्यात उभं राहून मोठ्याने विचारायचं नसतं, हे आमच्या सौभाग्यवतींना धुळ्याच्या माहेरी कुणी शिकवलं नसावं. "नाना, पुण्याहून भाऊ येतोय माझा. भरीत कुठलं चांगलं हो सध्या?" असं त्यांनी वरच्या मजल्यावरच्या नानांना विचारलं, आणि आमच्या बिल्डिंगचे सगळे दरवाजे एकेक करून उघडले.

नाना यावलकडचे. त्यांनी पिशवी खाली ठेवली, म्हणजे विषय लांबणार. "बामणोदचं वांगं असलं तर भरीत म्हणायचं, नाही तर भाजी म्हणायचं," असा त्यांनी निकाल दिला. समोरच्या भाभींचं माहेर आसोद्याचं. त्या हातातल्या पिठासकट बाहेर आल्या आणि बहिणाबाई आमच्या गावच्या, असं म्हणाल्या. वांग्याच्या वादात कवयित्रीला उभं केल्यावर पुढे काय बोलायचं, ते नानांना सुचेना. मग तळमजल्यावरून कुणीतरी ओरडलं की वांगं कुठलंही आणा हो, काड्या कपाशीच्याच पाहिजेत. त्यावर आणखी कुणी म्हणालं, कपाशीच्या कशाला, तुरीच्या घ्या, जाळ सावकाश लागतो. इथून पुढे मी घरात गेलो.

२०१६ साली जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच वर्षी इथल्या केळीलाही मिळालं. सरकारने त्या वांग्याला जिल्ह्याचं नाव दिलं, गावाचं दिलं नाही, यात केवढं शहाणपण होतं ते मला त्या दिवशी जिन्यात समजलं. गावाचं नाव दिलं असतं तर सुनावणी अजून चालू असती.

वांगं मात्र खरंच मानाचं. पोपटी-पांढरट, हातात घेतलं तर जड लागावं असं, आत बिया कमी आणि गर भरपूर. शेताच्या बांधावर काड्यांचा ढीग पेटवून त्यात ते ठेवतात. साल काळी होऊन आक्रसते, एका बाजूने पाणी फसफसायला लागतं, की लगेच परतायचं. मग बोटं पोळत असताना साल काढायची, गर लाकडी बडगीत ठेचायचा आणि हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात घालून फोडणी द्यायची. बरोबर कळण्याची पुरी, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवेपर्यंत कित्येक घरांत वांगं शिवत नाहीत. त्यानंतर मात्र जिल्ह्यात जिकडे पाहावं तिकडे भरीत पार्टी. भरीत सेंटरं आहेतच. तिथे किलोवर मिळतं, पार्सल पुण्या-मुंबईला जातं. प्रत्येक सेंटरबद्दल गावाचं एकच मत असतं : "पहिल्यासारखं राहिलं नाही. म्हातारा बसायचा तेव्हा चव होती." तो म्हातारा मी कुठेच पाहिलेला नाही. प्रत्येक सेंटरला एक म्हातारा होता आणि तो माझ्या आधीच उठून गेला.

शेवभाजीचं तर विचारूच नका. ढाबा कसा निवडायचा, यावर माझ्या ऑफिसात दोन पक्ष आहेत. पहिला म्हणतो, ट्रक जास्त उभे असतील तिथे जा, ड्रायव्हर लोकांना चव कळते. मी एकदा एका ड्रायव्हरलाच विचारलं. तो म्हणाला, "साहेब, गाडी वळवायला जागा असते तिथे थांबतो आम्ही." दुसरा पक्ष शेव कधी टाकली ते बघतो. ताटात वाढताना रश्शात सोडली तर माणूस जाणता, आधीच उकळली तर लगदा. यावरून आमच्या हेडक्लार्कनी एका लग्नाच्या पंगतीत यजमानाला ऐकवलं होतं. आहेराचं पाकीट तोवर दिलेलं होतं म्हणून निभावलं.

तर अशी मतं साठत गेली आणि पाहुणा आला. शालक मूळचा धुळ्याचा, पण पुण्याला नोकरी लागल्यापासून जेवणाआधी फोटो काढतो. जिन्यातली मतं मी त्याला थोडक्यात सांगितली. तो म्हणाला, "दाजी, एवढा वाद कशाला? हायवेला ते नवीन बार्बेक्यू निघालंय ना, तिकडे जाऊ." मला हायसं वाटलं. ज्या पदार्थाबद्दल जळगावात कुणालाच मत नाही, तो खाऊन शांतपणे घरी येता येईल असा माझा हिशोब.

पण घरात जिभाऊ होते. अमळनेरचे माझे चुलते, निवृत्त हेडमास्तर, डोळे दाखवायला आलेले. त्यांना मागे ठेवून जाणं शक्य नव्हतं.

हॉटेल झकास. टेबलाच्या मधोमध भोक, त्यात निखाऱ्यांची शेगडी, तिच्यावर सळ्या. थंडीचे दिवस होते म्हणून बरं. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या पुढे गेला की वेगळी शेगडी कशाला लागते, टेबल अंगणात टाकलं तरी पनीर भाजून निघेल. जिभाऊंनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि हात शेकले. वेटर पोरगा सळ्या मांडून म्हणाला, "सर, तुम्हाला पाहिजे तसं फिरवून घ्या." जिभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. "म्हंजे भाजाणं आपणच, आनि पैसा बी आपणच देवाना?"

शालकाने त्यांना लाइव्ह ग्रिलची कल्पना समजावून सांगितली. त्यांनी विद्यार्थ्याचं उत्तर तपासावं तशी ती पूर्ण ऐकून घेतली आणि "बरं" म्हणाले. मग पहिली सळी आली. तिच्यावर अननस होता, तिखट-मीठ लावलेला. "अननस कोनी भाजस का?" नुसतं एवढंच म्हणून थांबले असते तर ठीक होतं. पण सावदा-रावेरची केळी देशभर जातात, त्या जिल्ह्यात बसून परगावचं फळ का भाजायचं, हा मुद्दा त्यांनी काढला आणि तो मला पटला, हीच पंचाईत. पुढच्या सळीवर हिरव्या सालीच्या चकत्या. "वांगं शे का?" जिभाऊंचा चेहरा खुलला. "झुकिनी आहे सर." त्यांनी एक चकती चावली, सावकाश गिळली. "काकडी शे."

खरी परीक्षा झेंड्याने घेतली. टेबलावर बोटभर उंचीचा एक झेंडा असतो. तो उभा आहे तोवर वेटर सळ्या आणत राहणार. पोट भरलं की आडवा करायचा. शालकाने हे सांगितलं होतं, पण जिभाऊंचं लक्ष तेव्हा मशरूमकडे होतं. पोटं तुडुंब झाल्यावर सौभाग्यवतींनी झेंड्याला हात लावला, तशी जिभाऊंनी तिचं मनगट धरलं. "झेंडा कोनी खाले करस का, पोरी?" चौतीस वर्षं दर पंधरा ऑगस्टला ज्यांनी दोरी ओढली, त्यांना कोण समजावणार? झेंडा उभा राहिला. सळ्या येत राहिल्या. पनीर, बटाटा, पुन्हा अननस. आम्ही खाली बघून खात होतो.

शालक तेवढ्यात धूर, मॅरिनेशन आणि ॲम्बियन्स यावर बोलला. बाणेरला याहून भारी मिळतं, असंही म्हणाला. म्हणजे पुण्यालाही बामणोद असतं म्हणायचं. सौभाग्यवतींचं मत, की एवढ्या पैशात धुळ्याला सगळ्या गल्लीला शेवभाजी झाली असती. माझं मत कुणी विचारलं नाही. बिल माझ्याकडे आलं ते मात्र न विचारता.

"कितलं वनं?" जिभाऊंनी विचारलं. मी निम्मा आकडा सांगितला. तरी त्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली.

मग वेटर मोबाईल पुढे करून उभा राहिला. "सर, जेवण कसं वाटलं? पाच स्टार द्या ना, माझं नावपण टाका." शालकाने स्टार द्यायला बोट उचललं होतं, पण प्रश्न 'कसं वाटलं' असा होता आणि तो हेडमास्तरांसमोर विचारला गेला होता. जिभाऊंनी खुर्ची सरकवून घेतली. आधी निखारे, मग अननस, मग काकडी, क्रमाने सगळं घेतलं. कोळशाच्या धगीत आणि काड्यांच्या जाळात काय फरक, जाळात साल आधी का करपते आणि आत गर ओलाच का राहतो, हे हाताने दाखवलं. बोलता बोलता अहिराणी घट्ट होत गेली. पोरगा आधी मान हलवत होता. मग त्याने मोबाईल खिशात टाकला.

"बाबा, कोनतं गाव तुमनं?"

"अमळनेर. तुनं?"

"पारोळा." त्याने इकडेतिकडे मॅनेजर नाही ना, ते पाहिलं आणि आवाज उतरवला. "आठलं काय खातस, बाबा? आमना वावरमा या. मनी माय असं भरीत करस ना..." आणि तो रिकाम्या सळीने टेबलावर रस्ता काढून दाखवायला लागला. कुठे उतरायचं, कुठल्या फाट्याला वळायचं, विहिरीजवळ कुणाला विचारायचं. शालकाने त्याचाही फोटो काढला.

जिभाऊंनी सगळं ऐकून घेतलं. मग चष्मा नाकावर घेऊन विचारलं, "काड्या कशान्या? कपाशीन्या का तुरीन्या?"

पोरगा तोंड उघडणार, तेवढ्यात मागच्या टेबलावरचे एक गृहस्थ, ज्यांची-आमची ओळखदेख नव्हती, सळी हातात धरूनच वळले. "तुरीच्या असतील तर जाऊ नका," म्हणाले, आणि आपली खुर्ची उचलून आमच्या टेबलाला लावली.