चासी नंबर असताना गाडीखाली का शिरायचं? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

वापरलेल्या पोर्श केमनच्या (९८७ ही पिढी) सस्पेन्शनमधले अनोळखी भाग कसे ओळखावेत, या लेखावर तुमच्या तीन हरकती आहेत. चासी नंबर दिला की पार्ट नंबर मिळतो, मग एवढा खटाटोप कशाला. पिवळा शॉक (म्हणजे डॅम्पर) दिसला की तो बिल्स्टाइन कंपनीचा, हे कुणालाही कळतं. आणि लेखातल्या सूत्राने काढलेला स्प्रिंगचा कडकपणा तुमच्या स्प्रिंगवर छापलेल्या आकड्याशी जुळला नाही. तिसरी हरकत रास्त आहे, म्हणून आधी तीच.

स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. त्या सूत्रात तार १२ मिमी, मध्यव्यास (वेढ्याचा, तारेच्या मध्यापासून समोरच्या तारेच्या मध्यापर्यंत) ७२ मिमी आणि काम करणारे वेढे ५ धरले तर उत्तर साधारण ११० न्यूटन प्रति मिमी येतं. पण मापाच्या कॅलिपरमध्ये तारेबरोबर रंगाचा थरही येतो. तो फक्त ०.२ मिमी असला तरी दोन्ही बाजूंनी मिळून तार १२.४ दिसते आणि उत्तर १४ टक्क्यांनी फुगतं. रंग आधीच उडालेला असेल तिथे मोजा. मुद्दाम खरवडू नका, तिथूनच गंज धरतो आणि पुढे स्प्रिंग तुटते. शिवाय टोकाचे बसलेले वेढे काम करत नाहीत, एकूण वेढ्यांतून त्यांचे साधारण दोन वजा करा. रंगाचा मुद्दा लेखात राहून गेला होता, तो आता घातला आहे. छापील आकडा वाचता येत असेल तर सूत्राची गरजच नाही. ऐबाख कंपनीच्या रेसिंग स्प्रिंगवर १७०-६०-००८० म्हणजे लांबी १७० मिमी, आतला व्यास ६० मिमी, कडकपणा ८० न्यूटन प्रति मिमी. ०७००.२५०.०४५० म्हणजे लांबी ७ इंच, आतला व्यास अडीच इंच, कडकपणा ४५० पौंड प्रति इंच. दोन्ही जवळपास सारख्याच कडक.

आता चासी नंबर. गाडी कारखान्यातून कशी निघाली, एवढंच तो सांगतो. पुढच्या झाकणाखालच्या कारखान्याच्या स्टिकरवर ०३० हा कोड असेल तर स्पोर्ट सस्पेन्शन, ४७५ असेल तर इलेक्ट्रॉनिक डॅम्पर. दोन-तीन मालक झाल्यावर आज खाली काय बसलंय, ते लोखंडच सांगणार. भागावरचा पार्ट नंबर वाचतानाही घोटाळा होतो: सुरुवातीला ९९६ किंवा ९९७ (पोर्श ९११ च्या पिढ्यांचे क्रमांक) दिसलं की लोक म्हणतात, दुसऱ्या गाडीचा माल बसवलाय. पहिले तीन आकडे तो भाग मुळात कोणत्या मॉडेलसाठी बनला ते दाखवतात. केमनवर तसे भाग असणं स्वाभाविक आहे. मधले तीन जागा सांगतात: ३४३ मध्ये पुढचा डॅम्पर येतो, ३३३ मध्ये मागचा. नंबर पुसट असेल तर नायलॉन ब्रशने धुऊन खडू घासा आणि बॅटरीचा (टॉर्चचा) उजेड आडवा पाडा. तारेचा ब्रश नको, कोरलेला नंबरच जातो.

पिवळ्या रंगावर अजिबात विसंबू नका. कोनी कंपनीचा स्पोर्ट शॉकही पिवळाच असतो, आणि रंगाचा डबा पुण्यात नाना पेठेतही मिळतो. बूट (रॉडवरचं रबरी आवरण) वर सरकवून पाहा. पुढच्या स्ट्रटमध्ये (शॉक आणि स्प्रिंग एकत्र असलेल्या खांबात) बारीक चकचकीत रॉडऐवजी जाड नळी दिसली तर तो उलटा बसवलेला मोनोट्यूब (एकाच नळीचा शॉक) आहे. बिल्स्टाइन बी६ मध्ये असंच असतं. रॉडच्या वरच्या टोकाला कडकपणा बदलायची सोय असेल तर कोनी असण्याची शक्यता जास्त.

अनोळखी दांडा दिसला की त्याची दोन्ही टोकं शोधा. स्टॅबिलायझर बारपासून (वळणावर गाडीचं कलणं कमी करणाऱ्या दांडीपासून) स्ट्रटपर्यंत गेला तर लिंक रॉड. मागच्या चाकाजवळ टाय रॉडसारखा (पुढची चाकं वळवणाऱ्या दांड्यासारखा) दिसणारा दांडा टो लिंक असतो; तो मागच्या चाकाची दिशा नेमकी धरून ठेवतो. मागचं चाक वळतं असा त्याचा अर्थ नाही.

कॉइलओव्हरवर (शॉकभोवतीच स्प्रिंग असलेल्या संचावर) मुख्य स्प्रिंगशेजारी पूर्ण दबलेली चपट्या तारेची छोटी स्प्रिंग दिसली, तर ती 'बसली आहे' म्हणून काढू देऊ नका. ती हेल्पर आहे. गाडी उभी असताना ती दबलेलीच असते. चाक खाली लटकलं की मुख्य स्प्रिंगला जागेवर धरते. ती काढली तर आपल्याकडच्या प्रत्येक स्पीडब्रेकरनंतर खट्ट आवाज येईल आणि स्प्रिंग तिरकी बसू शकते.

नंबर पाहण्यासाठी सस्पेन्शनचा आर्म (चाक धरणारा दांडा) सैल केलाच, तर गाडीचं वजन चाकांवर आल्याशिवाय बुशचा (सांध्यातल्या रबराचा) बोल्ट पूर्ण आवळू नका. लटकत्या स्थितीत आवळलेलं रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. आणि स्ट्रटच्या माथ्यावरचा मधला नट, स्प्रिंग कॉम्प्रेसरने दाबलेली नसताना, कोणीही कितीही घाई केली तरी उघडायचा नाही.