‘एलरॅड म्हणजे नुसता भोंगा’? नाही!

जमावावर एलरॅड, म्हणजे लांबवर प्रचंड मोठा आवाज फेकणारी ध्वनितोफ, वापरण्याचा विषय निघाला की एक मजकूर हमखास फिरतो: ‘हा नुसता मोठा भोंगा आहे. जखम होत नाही. कानात बोटं घाला, मागे सरका, झालं. लाठीपेक्षा बरं.’ फेब्रुवारी २०२४ मध्ये शेतकरी मोर्चाच्या वेळी दिल्लीच्या सीमेवरही ही यंत्रं सज्ज ठेवली होती, म्हणून यातलं एकेक वाक्य तपासू.

‘नुसता भोंगा.’ हे अर्धंच खरं. माइकवरून लांबवर स्पष्ट सूचना देणं हे त्याचं एक काम. वेगळ्या बटणावरचा कर्कश इशारा-स्वर हे दुसरं, आणि धोका मुख्यतः त्यात. त्याचा जोर साधारण २ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात असतो. कानाची जेमतेम अडीच सेंटिमीटरची नळी नेमका हाच पट्टा दहा-पंधरा डेसिबलनी वाढवून आत पाठवते. न्यूयॉर्कमध्ये डिसेंबर २०१४ ला निदर्शकांवर तो तीन मिनिटांत १५-२० वेळा, कधी दहा फुटांच्या आतून सोडला, असं याचिकेत म्हटलं होतं. असा आवाज हासुद्धा बळाचा वापर ठरू शकतो, असं अपील न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलं. २०२१ च्या तडजोडीत तिथल्या पोलिसांनी हा स्वर सोडून दिला. सूचना देण्याची मुभा राहिली.

‘जखम होत नाही.’ होते, फक्त दिसत नाही. प्रत्येक कानात आवाज टिपणाऱ्या सुमारे १५,००० केशपेशी असतात, मेलेली पुन्हा उगवत नाही. लहान एलरॅडचा आवाज एक मीटरवर सुमारे १३६ डेसिबल, म्हणजे तीन मीटरवर साधारण १२६. कामाच्या जागेसाठीच्या अमेरिकी शिफारशीत ८५ डेसिबलला आठ तास चालतात आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. त्या हिशेबाने १२६ ला जेमतेम दोन सेकंद उरतात. ही मर्यादा रोजच्या कामासाठी आहे, मान्य. पण इथे मारा मिनिटांचा आहे. पिट्सबर्गमध्ये २००९ च्या जी-२० परिषदेच्या वेळी कान दुखावलेल्या एका प्राध्यापिकेला शहराने ७२,००० डॉलर दिले. ती निदर्शक नव्हती, तिथे फक्त हजर होती.

‘मागे सरका.’ हा सल्ला सगळ्यात घातक. अंतर दुप्पट झालं तरी आवाज फक्त सहा डेसिबल उतरतो. आवाजाचा झोत साधारण ३० अंशांचा असतो, त्यामुळे यंत्रापासून ५० मीटरवर असाल तर मध्यरेषेपासून १३-१४ मीटर आडवं गेलं की मुख्य झोताबाहेर पडता. आडवं जा, एखाद्या भिंतीमागे.

‘कानात बोटं घाला.’ घट्ट घातली तर खरंच उपयोग होतो. पण कडेवर मूल असलेल्या बाईने काय करावं? फोमचे बोळे (इअरप्लग) खिशात ठेवा. बोळा बारीक वळा, दुसऱ्या हाताने डोक्यावरून कान वर-मागे ओढा, बोळा आत सरकवा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट दाबून धरा. अर्धवट बसलेला बोळा जवळजवळ निरुपयोगी.

नंतर दोन दिवस शांततेत काढा, हेडफोन नकोत. कानात शिट्टी २४ तासांहून जास्त टिकली तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या. एका कानाने ऐकू येणं अचानक कमी झालं तर त्याच दिवशी जा: स्टेरॉइडचा उपचार पहिल्या काही दिवसांतच सगळ्यात जास्त लागू पडतो.