पाय सात नंबरचा, बूट नऊ नंबरचा

आज सकाळी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक क्लिप आली. उन्हाळ्यातली असावी. जंगल सफारीच्या उघड्या जिप्सीत उभा राहून एक गृहस्थ वनरक्षकाच्या अंगावर ओरडतोय. का, तर त्याने मोबाइल आत ठेवायला सांगितला आणि गाडी वाघिणीपासून मागे घ्यायला लावली. "तुझा पगार आमच्या तिकिटातून होतो, समजलं?" असं हा माणूस म्हणतो. आणि खाली हसण्याच्या इमोज्या. आपल्याच माणसांच्या. परवा २९ तारखेला व्याघ्रदिन होता तेव्हा याच ग्रुपवर वाघांचे फोटो मावत नव्हते. आज ३१ जुलै, जागतिक वनरक्षक दिन. कुणाला आठवण नाही, आणि नेमकी आजच ही क्लिप फिरतेय.

डोकं इतकं फिरलं की चहा तसाच ठेवून लिहायला बसले.

काही वर्षांपूर्वी बुद्धपौर्णिमेला मी सातपुड्यातल्या एका पाणवठ्यावर मचाणावर बसले होते. सोबतीला एक वनमजूर होते, रोजंदारीवरचे. मी त्यांना भाऊ म्हणत होते, ते मला ताई. रात्री दीडच्या सुमारास सांबर ओरडलं आणि भाऊंनी फक्त एक बोट वर केलं. दहा मिनिटांनी अस्वल पाण्यावर आलं, पिलू पाठीवर घेऊन. ती रात्र मी जन्मात विसरणार नाही. पण त्याहून पक्कं लक्षात राहिलं ते सकाळचं. उतरताना भाऊ पुढे होते आणि माझी नजर त्यांच्या पायांकडे गेली. खाकी कॅनव्हासचे बूट, तळवा सुटलेला, आणि तो सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी दोन ठिकाणी बांधलेला. मी विचारलं, "भाऊ, बूट मिळत नाहीत का?"

"भेटते ना जी. माह्या पाय सातचा, बूट आला नऊचा. समोरून चिंध्या कोंबल्या, तं टाचेले फोड आले. आता कुटीत खुंटीले टांगला हाय. साहेब आले का घालतो."

तक्रार म्हणून नाही हो. सहज सांगितलं त्यांनी.

त्या बांधलेल्या बुटांवर हा माणूस रोज बीट, म्हणजे नेमून दिलेला जंगलाचा तुकडा, चालतो. महाराष्ट्रात २०१४ ला १९० वाघ होते, २०१८ ला ३१२, २०२२ ला ४४४. हे आकडे आपण छाती फुगवून शेअर करतो. मोजले कुणी? व्याघ्रगणनेत कॅमेरे नंतर येतात. आधी पहाटे पायी निघून पावलांचे ठसे, विष्ठा, झाडावरचे ओरखडे बघत जायचं, मग २ किलोमीटरच्या सरळ रेषेवर चितळ-सांबर मोजायचे. हातात काठी आणि मोबाइलवरचं ॲप. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोबात याच कामावर निघालेली एक वनरक्षक मुलगी परत आली नाही. वाट अडवून वाघीण बसलेली दिसली म्हणून ती आणि तिचे तीन सहकारी थांबले, वाट पाहिली, मग वळसा घालून जायला निघाले, आणि वाघिणीने तिलाच धरलं. घरी लहान मुलगी होती तिची. त्यानंतर पायी पाहणी काही काळ बंद ठेवली होती. आपल्यातल्या किती जणांना त्या वनरक्षकाचं नाव ठाऊक आहे? त्या वाघिणीचं नाव मात्र सगळ्यांना तोंडपाठ.

हो, पैसे खाणारेही आहेत. लाकडाची गाडी जाताना पाठ फिरवणारेही आहेत. मला नका सांगू, मी विदर्भातच वाढले. पण तेवढ्यावरून सगळ्यांना एका माळेत ओवायचं असेल तर कुठलं खातं सुटेल?

आणि पावसाळ्यात गाभा क्षेत्र, म्हणजे जंगलाचा आतला भाग, पर्यटकांना बंद असतं म्हणजे यांना सुट्टी असते, हा समज तर डोक्यातून काढाच. पर्यटक नसतात, गाड्या नसतात, म्हणूनच शिकाऱ्याला मोकळं रान. २०१३ साली मेळघाटात बहेलिया शिकाऱ्यांच्या टोळ्यांनी वाघ मारले होते, ते विसरून चालणार नाही. नाले भरले की कुटीचा, म्हणजे यांच्या जंगलातल्या चौकीचा, गावाशी संबंध तुटतो. तांदूळ-डाळ डोक्यावरून न्यायची, अंथरूण झटकल्याशिवाय झोपायचं नाही, आत विंचू असतो. जंगलाला लागून असलेल्या शेतात डुकरांसाठी तारेत वीज सोडतात आणि त्यात वाघ मरतो. ती तार शोधायलाही हाच माणूस फिरतो, रात्री, ओल्या पायांनी. वनरक्षकाच्या भरतीत मुलं ५ किलोमीटर धावतात, मुली ३. निवड झालेल्यांना निदान प्रशिक्षण मिळतं, चंद्रपूरला वन अकादमी आहे, सगळं मान्य. पण भाऊंसारख्यांचं काय? बारा वर्षं रोजंदारी! त्यांना कुणी शिकवलेलं नाही, ते दुसऱ्यांना शिकवतात. नवा वनरक्षक आला की जंगल दाखवायला यांनाच पुढे घालतात. ज्याला वास घेऊन अस्वल कळतं तो कागदावर अकुशल मजूर!

मला यांची पूजा नको आहे. 'जंगलाचे शूर सैनिक' असली पोस्टरं तर अजिबात नकोत. नोकरी पक्की करा. पगार महिन्याच्या महिन्याला द्या. विमा उतरवा, साप चावल्यावर आणि वाघासमोर काय करायचं ते नीट शिकवा. कुटीत बाईमाणसासाठी दार लागणारा संडास बांधा. आणि बूट मागवण्याआधी पायाचा नंबर विचारा. एवढं अवघड आहे का?

राग थोडा उतरलाय आता. मघाशी भाऊंना फोन लावला, चौथ्यांदा लागला. म्हटलं, भाऊ, आज तुमचा दिवस आहे. "कायचा दिवस जी?" मी सांगितलं. ते हसले. मागे पाऊस कोसळत होता, कुणीतरी त्यांना हाका मारत होतं. म्हणाले, "मंग करतो ताई फोन. अंधार पडाच्या आंधी वावराच्या तारेची लाइन पाहून येतो."